घरी बांधलेल्या छोट्या गिटार अ‍ॅम्प्लिफायरमध्ये अडॅप्टरवर घरघर येते, मदत हवी आहे

नमस्कार.

फ्लॅटमध्ये रात्री शेजाऱ्यांना त्रास न होता इलेक्ट्रिक गिटारचा सराव करता यावा, म्हणून मी एलएम ३८६ या आयसीवर (आवाज वाढवणाऱ्या चिपवर) अर्ध्या वॅटच्या आसपासचा अ‍ॅम्प्लिफायर बांधला आहे. अर्धा वॅट ऐकायला क्षुल्लक वाटतो, परंतु गिटारसाठीच बनवलेला ८ इंची, ८ ओहमचा स्पीकर आणि मागून अर्धवट उघडी ठेवलेली प्लायवूडची पेटी यांमुळे खोली व्यवस्थित भरते. त्यामुळे मोठ्या आयसीकडे वळण्याची माझी इच्छा नाही.

गिटारच्या पिकअपपुढे (तारांची कंपने विद्युत संकेतात बदलणाऱ्या भागापुढे) सुमारे १ मेगओहमचा भार असावा लागतो आणि या आयसीचा इनपुट जेमतेम ५० किलोओहमचा असतो, म्हणून आधी एमपीएफ १०२ या एफईटीचा (एका प्रकारच्या ट्रान्झिस्टरचा) बफर, म्हणजे पिकअपवर भार न टाकता संकेत पुढे देणारा टप्पा, घेतला आहे. त्याने वरच्या सुरांचा उजळपणा टिकतो, आणि घरगुती अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हा भाग कोणीही गाळू नये असे मला मनापासून वाटते. आयसीच्या १ व ८ क्रमांकांच्या पिनांमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर स्विचने जोडला की गेन (संकेत किती पट वाढतो ते) २० वरून २०० होतो.

अडचण अशी की, ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर अ‍ॅम्प्लिफायर अगदी शांत असतो, मात्र ट्रान्सफॉर्मरच्या ९ व्होल्ट अडॅप्टरवर सतत जाड घरघर येते. गिटारची केबल काढून व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी ती तशीच राहते. म्हणून दोष पिकअपचा किंवा शील्डिंगचा नसून पुरवठ्यातील १०० हर्ट्‌झच्या तरंगाचा (रिपलचा, म्हणजे डीसीत उरलेल्या चढउताराचा) असावा, असा माझा तर्क आहे. शिवाय भार नसताना हा अडॅप्टर मीटरवर जवळजवळ १३ व्होल्ट दाखवतो, आणि माझ्याकडील एलएम ३८६ च्या एन-१ प्रकाराची शिफारस केलेली कमाल मर्यादा १२ व्होल्ट आहे.

आयसीची ७ क्रमांकाची (बायपास) पिन सध्या मोकळी आहे. तिथून ग्राउंडला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडणे पुरेसे ठरेल, की १२ व्होल्टचा अडॅप्टर घेऊन पुढे ७८०९ रेग्युलेटर (९ व्होल्ट स्थिर ठेवणारा आयसी) बसवणेच योग्य? तसे केल्यास बफरच्या पुरवठ्याला वेगळा रेझिस्टर-कपॅसिटर फिल्टर लागेल का?

आणखी एक शंका स्पीकरच्या मालिकेतील २२० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरबद्दल आहे. ८ ओहमला तो साधारण ९० हर्ट्‌झखाली आवाज उतरवू लागतो, तर गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्‌झवर वाजते. तो कपॅसिटर ४७० मायक्रोफॅरडचा केल्यास खर्ज भरीव होईल, की उरलेली घरघरही अधिक ऐकू येईल? ज्यांनी असा बदल करून पाहिला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.