विकून त्याच दिवशी परत घेतलेले शेअर्स: करमुक्त नफा का दिसत नाही?

प्रश्न:
2022 मध्ये एका कंपनीचे 400 शेअर्स मी प्रत्येकी 500 रुपयांना घेतले होते. मार्चअखेर भाव 800 झाला, तेव्हा वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा दीर्घकालीन नफा करमुक्त असतो, हे ध्यानात घेऊन सकाळी ते सर्व विकले आणि दुपारी 801 रुपयांनी त्याच डीमॅट खात्यात परत घेतले. ब्रोकरच्या अहवालात 1,20,000 रुपयांचा नफा कोठेच नाही. व्यवहार इंट्राडे (एकाच दिवसात मिटणारा सौदा) म्हणून नोंदला आहे. ही चूक दुरुस्त होईल का?

उत्तर 1:
ही ब्रोकरची चूक नाही. एकाच दिवशी त्याच शेअरची विक्री आणि खरेदी झाली की दोन्ही सौदे परस्परांत मिटतात आणि खात्यातून शेअर्स बाहेर जातच नाहीत. त्यामुळे आपली 2022 ची खरेदी किंमत तशीच कायम आहे. खरेदी दुसऱ्या दिवशी केली असती, तर नवी किंमत धरली गेली असती आणि पुढे 1,000 रुपयांना विकताना दोन लाखांऐवजी सुमारे 80 हजारांचाच नफा मोजला गेला असता. साडेबारा टक्के दराने यात सव्वानऊ हजारांहून अधिक कर वाचतो. अर्थात रात्रीतून भाव वाढण्याची जोखीम आपली, आणि उलाढालीवरील कर दोन्ही वेळा 0.1 टक्का द्यावा लागतो.

उत्तर 2:
यात एक भर घालतो. परत घेतलेल्या शेअर्सचे बारा महिने नव्याने मोजले जातात. त्याआधी विकल्यास नफा अल्पकालीन ठरून 20 टक्के कर लागतो. माझ्या मते पुढच्या वर्षभरात पैशांची गरज पडणार असेल, तर या खटाटोपात पडू नये. तोट्यात विकून परत घेणाऱ्यांसाठी मात्र भारतातील नियम सौम्य आहेत. अमेरिकेत 30 दिवसांच्या आत तोच शेअर पुन्हा घेतला, तर तोटा त्या वेळी वजा करता येत नाही. आपल्याकडे तशी सरसकट अट नाही, फक्त लाभांश किंवा बोनसच्या तारखेभोवती केलेल्या खरेदी-विक्रीवर निर्बंध आहेत.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. मग त्या दिवशीचा 400 रुपयांचा तोटा कोठे दाखवावा?

उत्तर 1:
इंट्राडे सौद्याचा असल्याने तो सट्टा-व्यवसायाचा तोटा धरला जातो, म्हणून प्राप्तिकर विवरणपत्राच्या आयटीआर-2 या नमुन्याऐवजी आयटीआर-3 भरावा लागेल. विवरणपत्र मुदतीत भरल्यास तो चार वर्षे पुढे नेता येतो, पण केवळ सट्ट्याच्याच नफ्यातून वजा होतो.