मदत हवी आहे : पळसाचे जुने छापचित्र अस्सल कसे ओळखावे?

पळसवेडा :
नमस्कार. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्गच्या ग्रंथातले पळसाचे रंगीत चित्र एका विक्रेत्याकडे आले आहे आणि ते अस्सल असल्याचे तो छातीठोकपणे सांगतो. त्यावर तपकिरी डाग आहेत. रविवारपर्यंत होकार कळवायचा आहे, तेव्हा घ्यावे की नाही, एवढेच कृपया सांगावे.

जुनाकागद :
आकार, किंमत, चित्र सुटे आहे की चौकटीत, यांपैकी काहीही न लिहिता आपण थेट निकाल मागत आहात. कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींचा तो ग्रंथ १७९५ ते १८२० या काळात लंडनला तीन खंडांत निघाला. त्यातील ३०० चित्रे तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापलेली आणि मग हाताने रंगवलेली आहेत. ओलसर कागद पत्र्यावर दाबला जात असल्यामुळे चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा खोलगट ठसा राहतो. तो बोटाला लागतो का?

शिळाछाप_प्रेमी :
त्या ठशाचे एवढे स्तोम माजवू नये. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइट यांनी मद्रासला छापून घेतलेली चित्रे शिळाछापाची, म्हणजे दगडावरून छापलेली, असल्याने त्यांना तसा ठसा नसतोच. माझा सल्ला विचाराल तर पळस सोडा आणि वाइट घ्या. दोन हजारांहून अधिक चित्रे आहेत, बहुतेक बिनरंगाची, पण रंगय्या आणि गोविंदू या चित्रकारांच्या रेषेपुढे रंगाची उणीव जाणवत नाही.

जुनाकागद :
प्रश्न रॉक्सबर्गचा आहे.

कायदेपंडित :
१९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू परदेशी नेण्यावर निर्बंध आहेत, हे ध्यानात असू द्यावे.

पळसवेडा :
मी कोथरूडला राहतो आणि चित्र दिवाणखान्यात लावणार आहे. ते काचेच्या चौकटीत असून कडा पुठ्ठ्याखाली झाकलेल्या आहेत, म्हणून ठसा दिसत नाही. दिसणारा भाग साधारण बारा इंच बाय सोळा इंच आहे.

घरगुती_उपाय :
डाग ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने निघतात.

जुनाकागद :
कृपया असे काही करू नये. डागांआधी हाताने दिलेला रंग उडेल आणि कागदही ठिसूळ होईल. पळसवेडा, चौकट उघडायला विक्रेता तयार नसेल, तर घड्याळजीचे भिंग काचेला टेकवून पाकळीचा केशरी रंग पाहावा. हाताने दिलेला रंग सलग पसरलेला असतो आणि कुठे ना कुठे रेषेबाहेर गेलेला असतो. अलीकडच्या छपाईत तोच रंग बारीक ठिपक्यांचा बनलेला दिसतो.

पळसवेडा :
आज पाहून आलो. पाकळीत लाल आणि पिवळे ठिपके स्पष्ट दिसले. चमत्कारिक म्हणजे तपकिरी डागांमध्येही तसेच ठिपके आहेत. विक्रेत्याचे म्हणणे असे की, डाग जुने आहेत, हाच अस्सलपणाचा पुरावा.

जुनाकागद :
डाग जुने असतीलही, पण ते ज्या प्रतीवर पडले ती दुसऱ्याच कुणाच्या तरी संग्रहात आहे. आपल्यासमोर आहे तो डागांसकट काढलेला तिचा फोटो.