आय-७५ महामार्गावर बोटीचा ट्रेलर झोके खातोय

डेट्रॉइटकर
मंडळी, मार्चमध्ये जुनी १६ फुटी ॲल्युमिनियमची बोट ट्रेलरसकट घेतली. शनिवारी पहिल्यांदाच ह्यूटन लेकला निघालो. ताशी ५५ मैलांपर्यंत ठीक, ६० झाले की ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेतो. मुलं गाडीत मागच्या सीटवर बसलेली, माझे हात थरथरायला लागले. बे सिटीला थांबलो तर उजवा हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग असतं) हात लावता येणार नाही इतका तापलेला. हळूहळू घरी आणली. दोन्हींचा काही संबंध आहे का?

लॅन्सिंगवाला
टायर बघा आधी. बाजूवर चार आकडी कोड असतो, शेवटचे दोन आकडे वर्षाचे. नुसत्या उभ्या ट्रेलरचे टायर झिजत नाहीत, पण रबर म्हातारं होतं.

सेंटक्लेअरकाठी
परत फिरलात ते फार बरं केलंत. दुखणी दोन आहेत, वेगवेगळी.

झोके येतात ते पुढे भार कमी पडल्यामुळे. भरल्या ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हिचच्या बॉलवर, म्हणजे गाडीमागच्या ज्या गोळ्यावर ट्रेलर अडकतो त्यावर, यायला हवा. चाकांना दगड लावा, घरचा वजनकाटा घ्या, त्यावर ठोकळे रचून कपलर (बॉलवर बसणारं ट्रेलरचं पुढचं टोक) हिचच्या उंचीवर टेकवा. माझा ट्रेलर १५०० पौंडांचा, काट्यावर आले जेमतेम ७०! बोटीचं नाक पुढच्या रबरी ठोकळ्यापासून अर्धा फूट मागे राहिलं होतं. विंचने (ट्रेलरवरच्या पट्टा गुंडाळायच्या चरकाने) पुढे ओढली, बॅटरी आणि कूलर पुढे हलवले, दीडशेच्या आसपास आलं. तेव्हापासून ट्रेलर सरळ चालतो. वाटेत झोके सुरू झालेच तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, स्टिअरिंग सरळ धरा. जोरात ब्रेक नको.

हबचं कारण पाणी, बहुतेक आधीच्या मालकाच्या वेळी शिरलेलं. तापलेला हब गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून (ग्रीस आत आणि पाणी बाहेर ठेवणाऱ्या रबरी कडीतून) पाणी आत ओढलं जातं. उघडून बघा, ग्रीस ताकासारखं पांढरट दिसलं तर बेअरिंग आणि सील दोन्ही बदला. ग्रीस मरीनचंच घ्या. स्प्लिट पिन नवीन. आणि ग्रीस गन बेताने मारा. पहिल्या वर्षी मी इतकं भरलं की मागचं सील फुटून चाकाची आतली बाजू ग्रीसने माखली.

रॅम्पवर (बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर) पोचल्यावर वीसेक मिनिटं हब निवू द्या. तेवढ्यात मागचे पट्टे सोडा, दिव्यांचा प्लग काढा, बोटीचं बूच बसवा. परतताना मात्र बूच काढून सगळं पाणी सोडायचं, शेवाळ-शिंपले पुसायचे. मिशिगनमध्ये २०१९पासून तसा कायदाच आहे. बोटींना चिकटून पसरणाऱ्या झेब्रा शिंपल्यांनी सेंट क्लेअर तळ्याचं काय केलं ते मी रोज बघतो, म्हणून कळकळीने सांगतोय.

डेट्रॉइटकर
काका, काट्यावर ८५ आले. आणि ग्रीस अगदी ताकच! बेअरिंगबरोबर बाहेरची रेसही (ज्या कडीत बेअरिंग फिरतं ती) बदलावी लागेल का?

सेंटक्लेअरकाठी
हो, जोडीनेच. जुन्या रेसमध्ये नवीन बेअरिंग टिकत नाही. डावा हबही उघडा, तोही त्याच पाण्यात बुडालाय.