मदत हवी आहे: मिलिवोये नोवाकोविचच्या पूर्ण मॅचेस कुठे बघायला मिळतील?

नमस्कार मंडळी, कोल्हापुरात आमच्या भागातल्या पोरांची सकाळची प्रॅक्टिस घेतो. सतरा ते वीस वयाची पोरं आहेत. त्यातले दोन फॉरवर्ड यंदा एका मोठ्या क्लबच्या ट्रायलला जाऊन परत आले आणि घरी लगेच सुरू झालं की वय गेलं, आता फुटबॉल बास, नोकरीचं बघा. एकोणिसाव्या वर्षी कसलं वय गेलं ओ? म्हणून पोरांना एका माणसाचं करिअर नीट बसून दाखवायचं ठरवलंय, स्लोव्हेनियाचा रिटायर्ड स्ट्रायकर मिलिवोये नोवाकोविच.

ज्यांनी नाव ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. जन्म 1979 चा, ल्युब्लियानातला. विशीतली बरीच वर्षं शेजारच्या ऑस्ट्रियात गेली, फोइट्सबर्ग, मॅटर्सबर्ग, मग लिंझचा लास्क, तेव्हा त्याच्याकडे कोणाचं फारसं लक्षही नव्हतं. 2005 मध्ये बल्गेरियात लिटेक्स लोवेचला गेला आणि त्या सीझनला 16 गोल मारून लीगचा जॉइंट टॉप स्कोअरर झाला. देशाकडून पहिली मॅच 2006 मध्ये, सव्वीस वर्षं पूर्ण झाल्यावर! आणि त्याच वर्षी मे महिन्यात, वर्ल्डकपला निघालेल्या त्रिनिदाद आणि टोबॅगोवर हॅटट्रिक.

मग जर्मनीत कोलोन क्लब. टीम नुकतीच सेकंड डिव्हिजनला घसरली होती, 2007-08 ला याने 20 गोल केले, त्या डिव्हिजनचा टॉप स्कोअरर झाला आणि टीम वर आली. वर आल्यावर पहिल्याच सीझनला बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या टॉप लीगमध्ये, 16 आणि 2010-11 ला 17. 2010 चा वर्ल्डकपही खेळला. तिथे गोल झाला नाही आणि अमेरिकेच्या डोनोव्हनने अल्जेरियाविरुद्ध इंज्युरी टाइममध्ये मारलेल्या गोलमुळे स्लोव्हेनिया बाहेर गेली, ते अजून सलतं. पण पोरांना मला खास दाखवायचीये ती ऑक्टोबर 2013 मधली मारिबोरची मॅच, नॉर्वेला 3-0, तिन्ही गोल याचे, वय 34. एकूण 80 मॅच 32 गोल, थांबला तेव्हा देशाकडून गोलांमध्ये त्याच्यापुढे फक्त झाहोविच होता, 35 गोलवाला.

आता मदत काय हवी ते सांगतो. हायलाइट्स मिळतात पण त्यात बॉल गोलात जाताना दिसतो, त्याच्या आधीचे दहा सेकंद दिसत नाहीत आणि मला नेमके तेच हवेत. माणूस सहा फूट तीन-चार इंच उंच, तरी क्रॉस येताना बॉलखाली जाऊन उभा राहत नाही, डिफेंडरच्या खांद्यामागे थांबतो, डिफेंडरची मान बॉलकडे वळली की पुढे घुसतो. आमची पोरं विंगरने मान वर करायच्या आधीच गोलसमोरच्या सहा यार्डात जाऊन थांबतात, मग उडी मारायला धाव कुठनं आणणार. तर नॉर्वेची ती मॅच आणि कोलोनचा 2007-08 चा एखादा सामना पूर्ण कुठे बघता येईल, पैसे भरून असेल तरी चालेल. जर्मनी किंवा जपानमध्ये (नंतर तो तिथेही खेळला) राहणारं कोणी असेल आणि जुने रिपोर्ट वाचून दाखवणार असेल तर फार उपकार होतील.

आणि एक प्रश्न, मनापासून विचारतोय. हे उदाहरण दाखवून मी पोरांना खोटी आशा तर लावत नाही ना?

प्रतिसाद १: दादा, मी नागोयाला असतो. 2015 ला तो इथल्या ग्रॅम्पसकडून खेळला, त्याआधी शिमिझू आणि त्याआधी ओमिया, हे इथलेच क्लब. ओमियाचा काळ नक्की घ्या, कोच झ्डेंको व्हेर्डेनिक आणि जोडीचा फॉरवर्ड ल्युबियांकिच दोघं स्लोव्हेनियाचेच, त्या टीमने 2012-13 मध्ये सलग 21 लीग मॅचेस न हरता जे-लीगचा रेकॉर्ड केला होता. जपानी रिपोर्ट मी वाचून मराठीत व्हॉइस नोट करून पाठवतो, लिंक टाका.

प्रतिसाद २: आशा खोटी नाही पण अर्धी सांगू नका सर. तो विशीतल्या त्या वर्षांत घरी बसून वाट बघत नव्हता, दर आठवड्याला मोठ्या माणसांविरुद्ध खेळत होता, आणि तिकडे खालची टीम जिंकत गेली तर वर जाते, खेळाडूही तसाच एकेक पायरी वर विकला जातो. आपल्याकडे तशी सलग शिडी नाही. पोरांनी वर्षाला किती खऱ्या मॅचेस खेळल्या ते आधी मोजा, ट्रायल नंतर. नोकरीचंही लगेच नाही म्हणू नका, फुटबॉल टीम असलेली सरकारी खाती, बँका आहेत, तिथे खेळता खेळता पगार मिळतो.

धागाकर्ता: दोघांचेही मनापासून आभार. मॅचेस मोजायचं डोक्यातच आलं नव्हतं, पावसाळ्यात तर आमचं ग्राउंडच बंद असतं. रविवारी पोरांना वही घेऊन बसवतो. नागोयाच्या दादा, ओमियाच्या लिंक रात्री टाकतो. कोलोनच्या मॅचचं अजून कोणी सांगितलं नाहीये, जर्मनीवाले आहेत का कोणी?