मदत हवी आहे: पुन्हा निवडून येण्याची आशा नेत्याला आवरते की बिघडवते?

राजकीय भ्रष्टाचाराचं अर्थशास्त्र वाचताना एका ठिकाणी अडलोय. जाणकारांनी कृपया वाट दाखवा.

ब्राझीलमध्ये २००३ पासून सोडत काढून नगरपालिका निवडल्या जाऊ लागल्या आणि त्यांना केंद्राकडून मिळालेल्या निधीचं ऑडिट होऊ लागलं. महापौरांना तिथे सलग दोनच टर्म मिळतात. या अहवालांवरच्या अभ्यासात दिसलं, की पुन्हा उभं राहता येणाऱ्या महापौरांनी शेवटच्या टर्ममधल्यांपेक्षा २७ टक्के कमी निधी हडपला. २००४ च्या निवडणुकीआधी अहवाल बाहेर आले तिथे भ्रष्ट महापौरांना मतदारांनी फटका दिला, स्थानिक रेडिओ होता तिथे तर जास्तच. म्हणजे मतांची भीती काम करते. हे मला पटतं.

पण पुन्हा लढायचं तर पैसा लागतो! देणगीदार तो देतो आणि नंतर टेंडरच्या अटी स्वतःला हव्या तशा करून घेतो. कागदोपत्री सगळं नियमात, त्यामुळे ऑडिटमध्ये काहीच सापडत नाही. मग ती घट खरी, की चोरीची फक्त जागा बदलली?

हे दोन परिणाम वेगळे काढून मोजणारा अभ्यास कुणाला माहीत आहे का? देणगीदारांना नंतर मिळालेली कंत्राटं तपासलेली असतील तर फारच उत्तम. सरकारी खर्चाने निवडणुका लढवल्या तर हे कमी होतं का, यावरही वाचायला सुचवा. टर्मची मर्यादा घालावी असं मी आजवर ठामपणे मांडत आलोय, म्हणून हे नीट समजून घ्यायचं आहे.