विषय: आई-बाबा वेलिंग्टनला, बस-ट्रेनचं कसं?

नमस्कार मंडळी,

आई-बाबा पुढच्या महिन्यात बेळगावच्या टिळकवाडीहून ताईकडे न्यूझीलंडला, वेलिंग्टनला निघालेत. ताई-भावोजी दिवसभर कामावर, त्यामुळे दोघांनाच फिरावं लागेल. बाबांचे गुडघे चढाला साथ देत नाहीत. शिवाय आईला कर्नाटकातल्या बायकांच्या मोफत बसप्रवासाच्या ‘शक्ती’ योजनेची सवय, आधार दाखवलं की शून्याचं तिकीट. तिथं ज्येष्ठांना काही सूट?

---

सूट आहे, पण ती सुपरगोल्ड कार्डावर. ६५ पूर्ण झालेल्या तिथल्या रहिवाशांनाच ते मिळतं, पाहुण्यांना नाही. तेव्हा आल्याबरोबर स्नॅपर, म्हणजे बस-ट्रेनचं भाडं भरायचं कार्ड घ्या, दोघांना दोन. कंडक्टर नसतो. चढताना कार्ड यंत्राला टेकवायचं आणि उतरतानाही. उतरताना विसरलं की जास्तीचं भाडं कापलं जातं. नवख्यांची ही हमखास चूक. उतरल्यापासून ३० मिनिटांत दुसरी बस पकडली तर तो एकच प्रवास धरतात, पण तेही उतरताना टेकवलं असेल तरच. कामाच्या दिवशी ९ ते ३ आणि शनिवार-रविवारी दिवसभर भाडं कमी. निवृत्त माणसांना याहून काय हवं!

थांब्यावर नुसतं उभं राहू नका, बस दिसली की हात दाखवा. आपल्याकडे खानापूर रस्त्यावर दाखवतो तसाच.

गुडघ्यांचं म्हणाल तर बस कुठं नेते यापेक्षा थांब्यावरून घर वर आहे की खाली, हे आधी बघा. नकाशावर २०० मीटर दिसतात, प्रत्यक्षात पायऱ्याच पायऱ्या निघतात. चढ गाडीनं, उतार पायानं, असा बेत ठेवायचा. ‘लॅम्ब्टन की’ (Lambton Quay) या रस्त्यावरून केबल कार घेतली की पाचेक मिनिटांत १२० मीटर वर, केलबर्नला. १९०२ पासून ती चालू आहे, स्नॅपर चालतं. वर बोटॅनिक गार्डन आहे, तिथून गुलाबबागेच्या बाजूनं उतरत शहरात यायचं. उतारही गुडघ्यांना जड जात असेल तर सरळ केबल कारनंच परत या.

पूर्वेकडे मिरामार, सीटूनला जाताना २ नंबरची बस हताईताईच्या बोगद्यातून जाते. १९०७चा ट्रामचा एकेरी बोगदा तो, आता फक्त बससाठी. टेकडीला वळसा वाचतो.

---

वरच्या दादांचं बरोबर, त्यात थोडी भर. ट्रेनला कार्डाचं यंत्र फलाटावर असतं. चढण्याआधी आणि उतरल्यावर तिथंच टेकवा. कार्ड पाकिटातून बाहेर काढून टेकवा, नाहीतर शेजारच्या बँकेच्या कार्डामुळे घोटाळा होतो. विमानतळावरून येताना एएक्स ही एअरपोर्ट एक्सप्रेस बस घ्या. बॅगांना जागा असते, स्टेशनपर्यंत नेते.

बाबांना जॉन्सनव्हिल लाइनवर एकदा बसवाच. रूळ एकेरी, चढ बराच, सात बोगदे. ‘सिमला क्रेसेंट’ गेलं की थोड्या वेळानं ‘खंडाला’ स्टेशन येतं, आपल्या लोणावळ्याजवळच्या खंडाळ्यावरूनच पडलेलं नाव! एकेरी रुळामुळे एक गाडी अडली की मागच्याही अडतात. दुरुस्ती असली की ट्रेनऐवजी बस सोडतात, तीही बऱ्याचदा शनिवार-रविवारी. ही बस फलाटाशी नाही, जवळच्या रस्त्यावर थांबते. निघण्याआधी मेटलिंकच्या, म्हणजे तिथल्या बस-ट्रेन सेवेच्या अ‍ॅपवर बघून घ्या.