गारेच्या शिरेतले पिवळे कण: सोनं की पायराइट?

प्रश्न: गारेच्या (क्वार्ट्जच्या) शिरेच्या, म्हणजे खडकातल्या भेगेत भरलेल्या गारेच्या, नमुन्यात पिवळे कण दिसतात. घरी कसं ओळखायचं? आणि लॅबमधून सोन्याच्या प्रमाणाचा दोनदा वेगवेगळा आकडा का येतो?

प्रतिसाद १: भिंगाखाली सुईने दाबा. सोनं दबतं, पायराइटचा (सोन्यासारखं दिसणारं लोह-गंधकाचं खनिज) भुगा होतो. बिनझिलईच्या चिनी मातीवर घासल्यास सोन्याची रेघ पिवळीच राहते, पायराइट आणि चाल्कोपायराइटची (तांबं असलेलं तसंच खनिज) हिरवट काळी. चकाकीवर जाऊ नका. अभ्रकही चकाकतं.

प्रतिसाद २: आकडा बदलतो तो सोन्याचे कण जाड असल्यामुळे. फायर असेला (पूड भट्टीत वितळवून सोनं वेगळं काढून मोजण्याची चाचणी) साधारण ३० ग्रॅमच पूड जाते. त्यात एखादा दाणा आला की आकडा उसळतो, नाही आला की आपटतो. सोनं कुटल्यावर चपटं होतं, बारीक होत नाही, त्यामुळे पूड नीट मिसळतही नाही. १ किलो पूड १०६ मायक्रॉनच्या (सुमारे ०.१ मिमी छिद्रांच्या) चाळणीतून काढा, चाळणीवर उरलेलं सगळं वेगळं तपासा आणि वजनानुसार सरासरी धरा. पायराइट किंवा आर्सेनोपायराइट (त्यातच आर्सेनिक असलेलं खनिज) भरपूर असेल तर लॅबला आधीच सांगा, फ्लक्स (वितळवताना मिसळायचं मिश्रण) बदलावा लागतो.

प्रश्नकर्ता: सह्याद्रीतल्या बेसाल्टमधल्या गारेतही सोनं मिळेल का?

प्रतिसाद १: आशा सोडा! ती गार लाव्हातल्या पोकळ्यांत, झिओलाइट नावाच्या खनिजांच्या जोडीने, कमी तापमानाला साचलेली. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या शिरांची गोष्ट वेगळी. तिथे खोलवरून आलेल्या गरम पाण्यात सोनं गंधकाशी बांधलेलं होतं. तिथल्या अँफिबोलाइट या गडद खडकातल्या लोहाने ते गंधक ओढलं, भेगा उघडताना दाबही घसरला, आणि सोनं गारेत बसलं.

प्रतिसाद ३: सोन्यापेक्षा चांदी जास्त असलेल्या शिरा मात्र बहुधा उथळ, पाणी उकळलेल्या जागी. पात्यांसारखं कॅल्साइट, किंवा त्याच्या साच्यातली गार, ही तिथली खूण.